आठ वीसची सुई

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से आपोआप जमतात. माणूस आजारी पडला की आपली तक्रार आपणच सांगतो, आणि लपवायचं तेवढं लपवतो. कुत्र्या-मांजराची तक्रार मात्र सगळं घर मिळून सांगतं. नवऱ्याचं म्हणणं बायको खोडते, बायकोचं सासू खोडते, आणि या गडबडीत कुत्र्यापेक्षा घराचीच जास्त माहिती मिळते. मी मधे बोलत नाही. नुसतं "हं" म्हणत राहते.

माझं माहेर अमरावतीचं. लग्न करून रायपूरला आले आणि थोड्याच काळात रायपूर राजधानी झालं. पंडरीच्या कापडबाजारामागे मी दोन खोल्यांचा दवाखाना टाकला तेव्हा सासरे म्हणाले, "लोक बंगले बांधून राहिले, गाड्या घेऊन राहिले. कुत्र्याले दवाखान्यात कोण आणते?" पण बंगला बांधला की फाटक येतं, फाटक आलं की कुत्रा येतो, आणि कुत्र्याला बंगल्यातलं खाणं मिळालं की तो माझ्याकडे येतो. सासऱ्यांनी पुढे हे मोठ्या मनानं मान्य केलं.

रविवारची सकाळ मी जुन्या रोग्यांसाठी ठेवली होती. शुगर, थायरॉइड, स्वादुपिंड असले हे आजार. एका सुईनं बरे होत नाहीत, जन्मभर सांभाळावे लागतात. त्यामुळे दर रविवारी तीच तोंडं. बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांच्या कुत्र्यांचे रिपोर्ट वाचायचे आणि मला न विचारता सल्ले द्यायचे. मी त्यांना शुगर मंडळी म्हणायची. काहींना शुगर नव्हती, पण तक्रार कोणी केली नाही.

*

मंडळीचे अध्यक्ष म्हणजे मेश्राम काका. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, रिटायर होऊन घरी बसलेले. त्यांचा राजा हा पांढरा, केसाळ, अर्धा स्पिट्झ आणि अर्धा कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. तो बादलीभर पाणी प्यायचा, घरभर मुतायचा आणि खाऊन खाऊन वाळत चालला होता. आधीच्या एका डॉक्टरनं काकांना सांगितलं होतं की याला आता सोडून द्या.

मी कानातून थेंबभर रक्त घेतलं. शुगर भलतीच वाढलेली. काका-काकूंना समोर बसवून सांगितलं, "याला रोज दोन वेळा इन्सुलिन द्यावं लागेल, जन्मभर. सुई चुकली तर हा हळूहळू जाईल. आणि उपाशीपोटी सुई दिली तर लवकर जाईल. म्हणून आधी जेवण, मग सुई. काकू जेवण देतील, काका सुई देतील."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. काकांनी एवढंच विचारलं, "टायमिंग?"

"सकाळी आठ, संध्याकाळी आठ. थोडं मागेपुढे चालेल."

काकांचा चेहरा पडला. "मॅडम, आठ हा टाइम नसते. आठ वाजता पब्लिक स्टेशनात येते. गाडी आठ वीसले सुटते."

तेव्हापासून राजाची सुई आठ वीसची. मी कधी त्यांच्या घरी गेले तर काका आठ एकोणीसला सिरिंज हातात धरून घड्याळाकडे बघत उभे असायचे, आणि राजा काकांकडे बघत.

*

एकदा मी काकूंना राजाची लघवी तपासायला आणायला सांगितली. "धार सुरू झाली की खाली पसरट काहीतरी धरा, म्हणजे झालं," असंही सांगितलं.

काकू दुपारी रिकाम्या हातानं आल्या. "मी त्याच्या मांगं वरणाची पळी घेऊन कॉलनीभर फिरून राहिली. तो पाय उचलते, मी पळी पुढं करते, की तो पाय खाली ठेवून माह्याकडं पाहते अन् शेपूट हालवते. त्याले वाटते वरण आणलं."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः पळी घेऊन निघाले आणि काम फत्ते करून आले. मी खूश झाले. पळी धुवून परत दिली. काकूंनी ती तिथेच माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जाताना बाजारातून नवी घेतली.

तरी बातमी कॉलनीत पोचायची ती पोचलीच. नंतर कितीतरी दिवस मेश्रामांकडे जेवायला बसलेला पाहुणा वरण वाढायच्या आधी हळूच विचारायचा, "काकू, ही पळी नवी का?"

*

मंडळीतले दुसरे म्हणजे बोरकर मास्तर. शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी पोथी वाचली जायची, आणि ती ऐकायला त्यांचा लॅब्राडॉर भोला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. भुंकायचा नाही, उठायचा नाही, प्रसादाकडे बघायचा नाही. पोथीला येणाऱ्या बायका जाताना देवाच्या पाया पडायच्या आणि मग भोलाच्या. "मागल्या जन्मीचा कोणी साधू हाय," असं सगळ्यांचं एकमत झालेलं.

मास्तर त्याला माझ्याकडे घेऊन आले ते शेपटीचे केस गेले म्हणून. बघते तर वजन भरमसाट, कातडी जाड, डोळे अर्धे मिटलेले आणि मे महिन्यात उन्हात बसायची हौस. रायपूरच्या मे महिन्यात उन्हात बसणारा एकतर साधू असतो किंवा आजारी. रक्त तपासलं. थायरॉइड जवळजवळ बंदच.

गोळ्या सुरू केल्या. दीड-दोन महिन्यांत शेपटीला केस आले, पोट उतरलं, डोळे उघडले. मला वाटलं मास्तर पेढे घेऊन येतील. ते आले, पण पडक्या चेहऱ्यानं.

"काय झालं मास्तर?"

"काल पोथी चालू असताना भोलानं एका बाईंची चप्पल पळवली. परवा नैवेद्याच्या ताटात तोंड घातलं. आणि आमच्याकडे एक महाराज आले होते, त्यांना पार कोपऱ्यापर्यंत पिटाळत नेलं."

"मास्तर, म्हणजे तो बरा झाला."

मास्तरांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गोळी अर्धी केली तर चालेल का? पूर्ण साधू नको आम्हाला. निदान पोथी होईपर्यंत."

गोळी अर्धी केली नाही. पोथीची वेळ मात्र मास्तरांनी बदलली. भोला फिरायला गेला की वाचतात.

*

इकडे राजाची शुगर काही केल्या खाली येईना. जेवण मोजून, सुई वेळेवर, आणि तरी रविवारी मीटर बघितला की काकूंच्या डोळ्यांत पाणी. शेवटी उलगडा झाला. राजा सकाळी काकांबरोबर फिरायला जायचा तेव्हा काका बाकावर बसून पेपर वाचायचे आणि राजा कॉलनीभर फिरून यायचा. या घरी बिस्किट, त्या घरी जिलबी, पुढच्या घरी चहातला टोस्ट. सगळ्या कॉलनीचा लाडका.

काकांनी एक पुठ्ठा कापला, त्यावर "मुझे शुगर है, मीठा मत खिलाइए" असं लिहिलं आणि राजाच्या गळ्यात बांधला.

गोड बंद झालं. पण आमच्या लोकांची माया अशी सहजासहजी थांबत नाही. कुत्र्याला शुगर आहे म्हटल्यावर प्रत्येक घरातून औषध निघालं. कोणी कारल्याचा रस पाजला, कोणी जांभळाच्या बियांची पूड चारली. आणि एका आजींनी, ज्यांना स्वतःला बरीच वर्षं शुगर होती, रोज एक मेथीचा लाडू सुरू केला. मेथी शुगरवर चांगली म्हणे. मेथीबरोबर त्यात गूळ होता, तूप होतं, खोबरं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी राजा पुढचे पाय जमिनीवर टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहिला आणि ओकत सुटला. पोटाला हात लावू देईना. त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. ते बिचारं आधीच थकलेलं, त्यात इतकं तूप.

सलाइन लावलं. काका दिवसभर त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसून होते. शेजारी काकू, आणि दाराशी लाडूवाल्या आजी, डोळे पुसत. "म्या तं चांगल्यासाठी देल्ला," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. काकूंनीच मग उठून त्यांना चहा दिला.

राजा वाचला. काकांनी नवा पुठ्ठा कापला. त्यावर लिहिलं, "मीठा मत खिलाइए. कड़वा भी मत खिलाइए. इलाज चालू है."

*

देशकर साहेब ट्रेझरीत होते. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा जपून. त्यांचा टायगर जर्मन शेफर्ड. खायचा दोघांचं आणि दिसायचा सायकलच्या सांगाड्यासारखा. कोणी म्हणालं नजर लागली, म्हणून गळ्यात लिंबू-मिरची. टायगरनं ती मिरचीसकट खाल्ली.

माझ्या लक्षात आलं की याचं स्वादुपिंड अन्न पचवायचा रसच बनवत नाही. त्या वेळी त्या रसाची पावडर इथे मिळत नव्हती, नागपूरहून मागवली तरी वेळेवर येईल याचा भरवसा नव्हता. पुस्तकात मात्र एक जुना उपाय होता. बकऱ्याचं कच्चं स्वादुपिंड जेवणात मिसळायचं.

देशकर साहेबांना हे सांगताना मला घाम फुटला. त्यांनी टायगरच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नेमकं काय मागायचं, ते चित्र काढून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मटणाच्या दुकानासमोर. नाकाला रुमाल, तोंड रस्त्याकडे, पाठ बोकडांकडे. चित्राचा कागद मागच्या मागे पुढे केला.

"भैया, ये वाला चाहिए. कुत्ते के लिए."

दुकानदारानं कागद पाहिला, माळ पाहिली, आणि मायेनं म्हणाला, "हव साहब. माला वाले सब कुत्ते के लिए ही ले जाते हैं. थोड़ी चांप भी बांध दूं?"

नेमके मागे बोरकर मास्तर दूध घेऊन चाललेले. झालं, रविवारी बाकावर दुसरा विषय नव्हता. साहेबांनी शपथा घेतल्या, चित्र दाखवलं. मंडळी मान डोलवायची आणि हसायची. टायगर मात्र बघता बघता भरला, अंगावर तकाकी आली. साहेब पुढे वर्षभर त्या दुकानात जात राहिले. शेवटी शेवटी तोंड दुकानाकडे करून उभे राहायचे. एखाद्या दिवशी गेले नाहीत तर दुकानदार लांबून आवाज द्यायचा, "साहब, आज कुत्ता नहीं खाएगा?"

*

आमच्या गल्लीतल्या साहू दीदी इथल्याच, छत्तीसगढी. त्यांची कुत्री सुंदरी म्हातारी होती, पण अचानक तिचं पोट खाली आलं, भूक वाढली, पाणी वाढलं, दम लागायला लागला. दीदींनी ओळखलं की ही गाभण आहे. इतक्या वर्षांत पोरं झाली नाहीत, आता देवानं दिलं. दीदींना स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून आनंदाला पारावार नाही. त्यांनी सुंदरीची सधौरी ठरवली. सधौरी म्हणजे आपलं डोहाळजेवण, फक्त पदार्थ सात.

आमंत्रण मलाही आलं. गेले तर सुंदरीच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, समोर ताट. मी सवयीनं पोटाला हात लावला. पोट लटकलेलं, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे विरळ, कातडी कागदासारखी पातळ. आत पिल्लू नव्हतं. हा ग्रंथीचा आजार होता, अंगात एक हार्मोन जास्त झालं की होतो तो.

बायका गाणी म्हणत होत्या. मी दीदींना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. औषध आहे, सुंदरी मजेत राहील, पण पिल्लं नाहीत. दीदी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरकीत खरं सांगायची वेळ आपल्याला निवडता येत नाही, पण त्या दिवशी मी निवडायला हवी होती असं वाटत होतं, तेवढ्यात दीदींनी नाक पुसलं आणि ओट्यावरच्या सात पदार्थांकडे बघितलं.

"त ए सात ठन रोटी-पीठा ला अब कोन खाही?"

बाहेर येऊन त्यांनी बायकांना काहीही सांगितलं नाही. सधौरी पूर्ण झाली. सुंदरीला फक्त उकडलेला दुधी दिला आणि सातही पदार्थ डब्यात भरून रविवारी बाकावर आणले. मंडळीनं चाटूनपुसून खाल्ले. कोणाची सधौरी होती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

*

आता पुन्हा राजा. त्या वर्षी चौदा एप्रिलला मेश्रामांच्या घरी भंडारा-गोंदियाचे पाहुणे उतरलेले. जयंतीची सकाळ, काकू पांढरी साडी नेसून खिरीच्या पातेल्याशी, पोट्टेपाट्टे अंगणात, रॅलीची घाई. राजा पाहुण्यांवर भुंकतो म्हणून कोणीतरी त्याला मागच्या पडवीत बांधलेलं. काकूंना वाटलं, काकांनी त्याला खायला दिलं. काकांना वाटलं, काकूंनी दिलं. आठ वीसला काकांनी सुई दिली आणि सगळे रॅलीला गेले.

काकूंना वाटेत आठवलं. परत येऊन बघतात तर राजा आडवा, पाय झटकतोय. शेजाऱ्याच्या स्कूटरवर, पांढऱ्या साडीत, राजाला मांडीवर घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी हिरड्यांना मध चोळला, शिरेतून ग्लुकोज दिलं. काकू त्याचे पाय धरून बसल्या. तासाभरानं राजानं मान उचलली आणि माझ्या हाताचा मध चाटला, तेव्हा त्या रडल्या. तोवर काका धापा टाकत पोचले होते. दोघांनी एकमेकांना एका शब्दानं दोष दिला नाही. मला ते फार आवडलं.

पुढच्या रविवारी काका बाकावर उभे राहून मंडळीला सांगत होते, "इंजिनात दोघं असते. सिग्नल एकानं पाहून चालत नाही. असिस्टंट पाहते, जोरानं म्हणते, हिरवा. ड्रायव्हर पाहते, तोही म्हणते, हिरवा. दोघं म्हटल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. ज्याले सिग्नल दिसला नाही, तो लालच म्हणते. मी आयुष्यभर हे केलं अन् घरात काहून नाही केलं?"

तेव्हापासून त्यांच्या घरी असं. काकू राजाला खाऊ घालायच्या, वाटी रिकामी झाली की म्हणायच्या, "जेवण, हिरवा." काका वाटीकडे बघून म्हणायचे, "हिरवा." मग काका सिरिंज उजेडात धरून म्हणायचे, "डोस, चार." काकू चष्मा लावून बघायच्या, "चार." मग सुई.

राजाची शुगर पहिल्यांदा जागेवर आली. त्यांचा मुलगा अमोल, रायपूरजवळ सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये कामाला होता, तो एकदा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, बहुत अच्छा है. बस अब घर में चाय भी ऐसे ही मिलती है. मम्मी बोलती है शक्कर, पापा बोलते हैं शक्कर, फिर कप हाथ में आता है."

*

आणि मग एका सकाळी चहा घेताना काकांच्या हातातून कप पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला. दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण वाचा गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, नाही येणार, सांगता येत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.

त्याच संध्याकाळी काकू घरी आल्या, कारण आठ वीस व्हायचे होते. मी तिथे आधीच जाऊन बसले होते. म्हटलं, "काकू, सुई मी देते. तुम्ही आराम करा."

"नाही. मले शिकवा."

मी शिकवलं. मान धरायची, कातडी उचलायची, सुई तिरपी. काकूंनी तसंच धरलं. पण सुई टोचायच्या आधी त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवण, हिरवा."

मी म्हटलं, "हो, खाल्लं त्यानं."

"'हो' नाही म्हणायचं."

"बरं. हिरवा."

काकूंनी सुई दिली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. "तुम्ही डॉक्टर हाव," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इंजिनात नव्हत्या कधी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अमोलला फोन लावायला सुरुवात केली. तो शिफ्ट बदलून घेऊन वडिलांजवळ बसायचा. "फोन पापाच्या कानाले लाव," म्हणायच्या आणि आपला मोबाइल स्पीकरवर टाकून दिवाणावर ठेवायच्या. मग राजाची मान धरून मोठ्यानं, "जेवण, हिरवा." फोनमधून नुसती पंख्याची घरघर. काकू थांबायच्या. पुरेसं थांबून झालं की आपणच हळू आवाजात "हिरवा" म्हणायच्या, "डोस, चार, चार," असं दोघांचंही म्हणायच्या, आणि सुई द्यायच्या.

सकाळी दवाखान्यात जाताना मी तिथे डोकवायची, पण मला ते बघवायचं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहायची. राजाही बरा नव्हता. फाटकाशी बसून असायचा, वाटीकडे यायचा ते काकूंनी तीनदा हाक मारल्यावर. मी काकूंना सांगितलं होतं की खाणं कमी झालं तर डोस कमी करावा लागेल, लक्ष ठेवा, एप्रिलसारखं व्हायला नको.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी मी पोचले तेव्हा काकूंनी ज्वारीची भाकर कुस्करून नव्हे, घाईत अख्खीच, उकडलेल्या अंड्याबरोबर वाटीत टाकली होती, आणि फ्रिजमधून इन्सुलिन काढायला आत गेल्या होत्या. मी बाहेर चपला काढत होते. काकू परत आल्या. वाटी लख्ख. राजा शेजारी बसून जीभ फिरवत होता. काकूंना बरं वाटलं. "आज एका दमात खाल्लं बापा," असं मला म्हणाल्या. सिरिंज भरली, फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"लावला कानाले?"

"हां मम्मी."

काकूंनी राजाची कातडी चिमटीत उचलली, सुई टेकवली.

"जेवण, हिरवा."

पंखा. मी खिडकीकडे वळले. काकू थांबल्या, नेहमीइतकं थांबल्या, आणि स्वतःच उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

फोनमधून जड, ओल्या आवाजात, एकेक अक्षर ओढत आलं, "लाल."

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि अमोल रडत होता की हसत होता ते कळेना.

"मम्मी. मम्मी, पापा बोले. मम्मी, पापा बोले."

काकूंनी सुई बाजूला ठेवली होती आणि त्या गुडघ्यांवर बसून दिवाणाखाली डोकं घालून बघत होत्या.

"आयकलं मी," त्या आतून म्हणाल्या. "थांब जरासा. पयले भाकर पाहू दे."

भाकर कूलरच्या मागे होती. अख्खी, अंड्यासकट.